ज्यू अध्यात्म आणि रेगे: हा सांधा आतून जुळलेला आहे की वरून लावलेला?

धरमपेठची श्रोती

नमस्कार. धरमपेठेत आम्ही काही जण महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसून संगीत ऐकतो आणि त्यावर बोलतो. बहुतेक मंडळी ख्याल, नाट्यसंगीत आणि भजन यांत वाढलेली आहेत. माझे स्वतःचे कान तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर तयार झाले, कारण माझे वडील मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवाला दरवर्षी न चुकता जात आणि आम्हा भावंडांनाही सोबत नेत.

पुढच्या बैठकीत मॅटिसयाहू या अमेरिकी गायकाचे २००५ साली प्रसिद्ध झालेले, टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकवावे असे मी ठरवले आहे. त्या काळात तो हबाद-लुबाविच या हसिदी ज्यू पंथाचा अनुयायी होता. लांब दाढी, काळा कोट आणि काळी हॅट अशा वेषात तो जमैका या कॅरिबियन बेटावरचे रेगे संगीत गात असे, मधूनच तोंडाने ढोलाचे बोल काढत असे आणि शुक्रवारी सूर्यास्त झाला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, सुरू होतो म्हणून त्या संध्याकाळी कार्यक्रम करीत नसे. त्यातले एक गाणे २००६ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या चाळीसांत पोहोचले होते.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा हे सारे वेषाचे नावीन्य असावे असे वाटून मी ते बाजूला ठेवले. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र एका जागी तो शब्द सोडून नुसत्या स्वरांवर गाऊ लागला आणि माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. तेव्हापासून दोन प्रश्न मनात आहेत. ज्यू साधना आणि रेगे यांचे नाते आतून जुळलेले आहे, की एका समाजाच्या तालावर दुसऱ्या समाजाची प्रार्थना बसवली आहे? आणि २०११ च्या डिसेंबरात त्याने दाढी उतरवली व तो वेष सोडला, तेव्हा त्याआधीच्या गाण्यांतली श्रद्धा कमी खरी ठरते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर नागपूर

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी तपासावे असे मला वाटते. रेगेवर हिब्रू शब्द बाहेरून आणून बसवले का, असे आपण विचारता. पण रेगे जन्मले तेव्हाच ते शब्द त्याच्या तोंडी होते.

२ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला. तिथल्या राजघराण्याची परंपरा बायबलमधला शलमोन राजा आणि शबाची राणी यांच्या पुत्रापासून सांगितली जाते आणि ‘यहूदा वंशाचा विजयी सिंह’ ही तिथल्या सम्राटाची बिरुदावली होती. गुलामीत जमैकाला आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या गरीब वंशजांपैकी काहींना या राज्याभिषेकात शास्त्रातले वचन पुरे झाल्याचे दिसले आणि त्यातून सेलासींना ईश्वर मानणारा रस्ताफारी पंथ उभा राहिला. ज्यूंची मिसरमधली गुलामी आणि बाबेलमधला वनवास त्यांनी परक्यांची कथा म्हणून वाचला नाही. ती त्यांची स्वतःची कहाणी होती. सियोन हे मुळात यरुशलेमचे नाव, पण त्यांच्या बोलण्यात सियोन म्हणजे इथिओपिया, अवघी आफ्रिका; आणि बाबेल म्हणजे गोऱ्यांची सत्ता, तिचे पोलीस आणि तिची न्यायालये. ईश्वराला ते ‘जाह’ म्हणतात, तो शब्द हिब्रू ‘याह’ याच नावाचे रूप आहे. डोक्यावरच्या जटांनाही ते बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील नाजीर व्रताचा आधार देतात, कारण त्या व्रतात केसांना वस्तरा लावायचा नसतो. १९६८ च्या सुमारास रेगेला त्याचे नाव आणि घाट मिळाला, तोवर हा सगळा शब्दसंग्रह तयार होता. त्याच वर्षी डेस्मंड डेकर यांनी रोजच्या भाकरीसाठी राबणाऱ्या जमैकन माणसाच्या गाण्याला ‘इस्राएलाइट्स’ असे नाव दिले.

‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणे आपल्या बैठकीतल्या पन्नाशी उलटलेल्या मंडळींनी बोनी एम या जर्मनीतल्या पॉप गायकसमूहाच्या आवाजात नक्की ऐकले असेल. ते १९७८ चे. मूळ गाणे द मेलोडियन्स या जमैकन गायकांचे, १९७० चे. बाबेलच्या नदीकाठी बसून सियोनेच्या आठवणीने रडणाऱ्या बंदिवानांचे बायबलमधले १३७ वे स्तोत्र त्यांनी घेतले, पण त्यातला एक शब्द बदलला. परक्या भूमीत परमेश्वराचे गाणे कसे गावे, असे स्तोत्रात आहे. मेलोडियन्स त्या जागी ‘किंग अल्फा’चे गाणे म्हणतात, आणि किंग अल्फा म्हणजे हैले सेलासी. बोनी एमने तिथे पुन्हा परमेश्वर आणून ठेवला. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १३७ व्या स्तोत्राचा शेवट भयंकर सूडाचा आहे. मेलोडियन्सनी तो घेतला नाही, त्याऐवजी १९ व्या स्तोत्रातली शेवटची प्रार्थना जोडली, की आमच्या मुखातले शब्द आणि आमच्या हृदयाचे चिंतन तुला मान्य व्हावे. हा बदल कोणा पंडिताने नव्हे, साध्या गाणाऱ्यांनी केला, आणि मला तो फार मोठा वाटतो.

मी भीमगीतांच्या वस्तीत वाढलो. चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गर्दीत वामनदादा कर्डकांची गाणी ऐकतच माझे बालपण गेले. एखाद्या समाजाने जुनी कथा आपली म्हणून हाती घेतली की त्या कथेत किती बळ येते, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बाबासाहेबांनी १९४१ मध्ये मोशेवर, म्हणजे ज्यूंना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या नेत्यावर, एक इंग्रजी लेख लिहिला होता आणि मिसरमधून बाहेर पडलेल्या त्या लोकांच्या कथेत त्यांना इथल्या दलितांसाठी आशा दिसली होती. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या झोपडवस्तीतल्या माणसालाही तीच कथा आधार देत होती. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मॅटिसयाहू अवश्य ऐकवा, पण त्याच्याआधी मेलोडियन्स ऐकवा. न्यूयॉर्कचा दाढीवाला गायक हे नवल म्हणून पुढे आणले आणि ज्यांनी हा ताल भुकेल्या पोटी घडवला ते मागे राहिले, तर ते मला अन्यायाचे वाटेल.

महालातला तबलजी

शब्दांविषयी लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही. तालाविषयी थोडे लिहितो.

रेगेतल्या ज्या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात, तो आपल्या कानाला सुरुवातीला चुकल्यासारखा वाटतो, कारण चार मात्रांच्या आवर्तनात ज्या पहिल्या मात्रेवर आपण समेची वाट पाहतो तीच मात्रा ढोलवाला रिकामी सोडतो. पायाचा मोठा ढोल आणि स्नेअर या लहान ढोलाच्या कडेवरचा टोला तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात, गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक वाजते, आणि चाल पुढे नेण्याचे काम खर्जातली बास गिटार करते. बॉब मार्ले यांच्या साथीला असलेल्या कार्ल्टन बॅरेट यांचे वादन ऐकले की हे सगळे स्पष्ट होते. त्याच्याही मागे रस्ताफारींच्या न्याबिंगी भजनांतले तीन ढोल आहेत. त्यांतला मोठा बास आणि मधला फुंदे मिळून हृदयाच्या ठोक्यासारखी लय न थकता धरून ठेवतात आणि लहान रिपीटर तिच्यावर बोलतो. हे ढोल रात्रभर चालणाऱ्या उपासनेत वाजतात, त्यामुळे रेगेचा ताल मुळातच भजनाचा ताल आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

ताई, आपल्या खंजिरी भजनात लय चढत जाते आणि समेवर सगळे एकदम येऊन पडतात. रेगेत लय चढत नाही. तीच गती शेवटपर्यंत राहते आणि रिकाम्या सोडलेल्या समेमुळे ऐकणारा पुढे झुकून राहतो. नामस्मरणाला दोन्ही वाटा चालतात, पण मनावर होणारा परिणाम निराळा असतो. मॅटिसयाहूच्या त्या मैफलीत जिथे वादक ही गती सांभाळून थांबतात आणि तो शब्द सोडून गातो, तिथे मला खरी उपासना ऐकू येते. जिथे गिटार रॉकच्या जोरात चढते, तिथे टाळ्या जास्त पडतात, पण माझे लक्ष उडते. बैठकीत पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना आधी दोन मिनिटे हातावर तिसरी मात्रा मोजायला लावा, मग गाणे सुरू करा.

अजनीकर

नमस्कार, ताई. मी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त अलिबागकडून नागपूरला आले आणि अजनीच्या रेल्वे वसाहतीत राहिले. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे इथे जमत नसत, म्हणून आमच्या घरची प्रार्थना लहानच राहिली.

आपल्याला ज्या ठिकाणी हात ठेका धरताना जाणवला, त्याच ठिकाणी आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. शब्द सोडून नुसत्या स्वरांवर गाण्याच्या या प्रकाराला हसिदी लोक निगुन म्हणतात. अठराव्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव यांच्या प्रेरणेने हसिदी पंथ उभा राहिला, तो विद्वानांपेक्षा साध्या माणसांचा होता. ज्याला हिब्रू ग्रंथ वाचता येत नाहीत त्यालाही ईश्वराला बिलगता आले पाहिजे, ही त्याची तळमळ होती. निगुन त्या तळमळीतून वाढला. शब्द ही हृदयाची लेखणी असेल तर गाणे ही आत्म्याची लेखणी आहे, असे हबाद पंथाचे संस्थापक श्नेऊर झाल्मन यांचे वचन त्यांच्या परंपरेत सांगतात. हिब्रू न येणाऱ्याने हे गाणे कसे ऐकावे, अशी शंका कोणी बैठकीत काढली तर हेच सांगावे, कारण त्या जागी गाणाऱ्यालाही शब्द नको असतात.

आता उसनवारीविषयी. परकी चाल उचलणे हे हसिदी माणसाला बाटणे वाटत नाही. हंगेरीतील कालिवच्या रब्बींनी एका गुराख्याचे प्रेमगीत घेतले, त्यातल्या दूर असलेल्या प्रियेच्या जागी देवाचे सान्निध्य पाहिले, आणि ते गाणे त्यांचे अनुयायी आजही गातात. हबाद पंथात तर योम किप्पुरच्या दिवशी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत पवित्र उपासाच्या अखेरच्या प्रार्थनेत, नेपोलियनच्या सैन्याच्या कूचगीताची चाल गायली जाते. यामागे सोळाव्या शतकात आजच्या इस्राएलमधल्या त्सफात नगरीत राहिलेल्या इसहाक लुरिया यांची शिकवण आहे. सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाशाची पात्रे फुटली आणि त्याच्या ठिणग्या जगभर, अगदी अनपेक्षित जागी, विखुरल्या. त्या उचलून मूळ स्थानी नेणे हे माणसाचे काम आहे, असे ते शिकवत. गुराख्याच्या गाण्यात ठिणगी असू शकते, तर किंग्स्टनच्या गाण्यात का नसावी? मॅटिसयाहूने जे केले ते त्याच्या पंथाच्या रीतीला धरूनच होते.

तरीही एक अवघड जागा आहे आणि ती झाकून ठेवणे मला पटत नाही. गुराख्याच्या चालीला स्वतःचा धर्म नव्हता, रेगेला आहे. माणसाला, मग तो कितीही थोर सम्राट असो, ईश्वर मानणे हे ज्यू धर्मात सर्वांत मोठे निषिद्ध कर्म आहे. त्यामुळे हसिदी ज्यू गायकाला रेगेचा ताल, विरह आणि सियोनेची ओढ घेता येते, पण सेलासी घेता येत नाहीत. मॅटिसयाहूच्या गाण्यांत त्या जागी हाशेम, म्हणजे ज्याचे नाव उच्चारायचे नाही तो ईश्वर, आणि ज्याची वाट पाहायची तो मशियाह येतात. आफ्रिकेच्या जागी यरुशलेम येते. मेलोडियन्सनी स्तोत्रातला एक शब्द बदलला आणि पस्तीस वर्षांनी या गायकाने तो परत बदलला, असे म्हटले तरी चालेल.

आणि त्या १३७ व्या स्तोत्राचे आमच्या घरातले स्थान सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. युरोपीय ज्यूंमध्ये कामाच्या दिवशी जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेआधी ते म्हणण्याची चाल आहे. लग्नात नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो, तेव्हा ‘यरुशलेमा, मी तुला विसरलो तर’ ही त्यातलीच ओळ म्हणतात. आमच्याकडे यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या स्मरणाचा उपास असतो. हिब्रूत तो तिशा बआव, पण आजी त्याला बिरड्याचा रोजा म्हणायची, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे होई. खाली बसून ती हे स्तोत्र मराठीत म्हणत असे. पुढे कॉलेजात असताना सीताबर्डीच्या एका दुकानात कॅसेटवर बोनी एमचे गाणे वाजत होते आणि त्यातले शब्द आजीचे आहेत हे ध्यानात आल्यावर मी ते संपेपर्यंत दुकानाच्या दारातून हललो नाही. इ. स. पू. ५८६ मधल्या त्या वनवासाचे शब्द कोकण, जमैका आणि जर्मनीतला एक स्टुडिओ असा प्रवास करून बर्डीवर पोहोचले होते.

उत्तर नागपूर यांनी जे लिहिले त्यात एक भर घालतो. जमैकात ज्यू वस्ती जुनी आहे, आणि किंग्स्टनमधल्या त्यांच्या प्रार्थनामंदिरात जमिनीवर आजही वाळू पसरलेली असते. स्पेन-पोर्तुगालमध्ये लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज येऊ नये म्हणून पूर्वज वाळू पसरत, त्याची ती आठवण असल्याचे सांगतात. पण रेगेतले हिब्रू शब्द त्या मंदिरातून आलेले नाहीत. ते गरिबांच्या हातातल्या इंग्रजी बायबलमधून आले. जमैकातल्या ज्यू व्यापाऱ्यांपैकी काहींच्या मालकीचे गुलामही होते, हेही नमूद केले पाहिजे. त्यामुळे आधी मेलोडियन्स ऐकवावेत, या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मराठी श्रोत्यांना हा मेळ समजावण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्या समाजाने मुंबईत हरिदासी कीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला. ओवी, आर्या, साकी, दिंडी ही वृत्ते, हार्मोनियम आणि टाळ यांची साथ, आणि आख्यान मात्र योसेफाचे, मोशेचे किंवा एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे. माझ्या आत्याकडे अशा पदांची हाताने उतरवलेली वही आहे. ते कीर्तन ऐकताना हा साचा परका आहे असे आमच्यापैकी कोणाला कधी वाटले नाही, आणि कीर्तन आमचे आहे असा दावाही कोणी केला नाही.

दाढीच्या प्रश्नावर थोडक्यात लिहितो. व्रत सुटले म्हणजे व्रताच्या काळातली प्रार्थना खोटी ठरते, असे मी मानत नाही. २०१४ मध्ये त्याने ‘अकेदा’ नावाचा अल्बम काढला. अकेदा म्हणजे अब्राहामाने पुत्र इसहाकाला वेदीवर बांधल्याची कथा, आमच्या ग्रंथांतली सर्वांत कठीण. वेष उतरवल्यावरही जो माणूस त्या कथेपाशी जातो, त्याचा शोध थांबलेला नाही.

उत्तर नागपूर

अजनीकर दादा, गुलामांच्या मालकीबद्दल आपण स्वतःहून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझा आक्षेप बराचसा निवळला आहे. एक गोष्ट मात्र मला अजून मोकळी सोडवत नाही. रस्ताफारी स्वतःला खरे इस्राएल समजतात आणि ज्यू लोकही इस्राएल आहेत. दोघे एकाच नावावर हक्क सांगतात आणि दोघांची सियोन वेगळी आहे. एकाच तालावर ती दोन्ही नावे गायली जातात तेव्हा ऐकणाऱ्याला कोणती सियोन ऐकू येते, हे गाणाऱ्याच्या हाती उरत नाही. आपल्या बैठकीत हा मुद्दा निकाली काढू नये, पण तो बोलला जावा.

धरमपेठची श्रोती

आपण तिघांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, मी फार ऋणी आहे. बैठकीचा क्रम आता असा ठरवते आहे: आधी न्याबिंगीचे ढोल, मग मेलोडियन्स, मग साथीशिवाय गायलेला एखादा हबाद निगुन, आणि त्यानंतर ऑस्टिनची मैफल. बोनी एम मुद्दाम वगळते, कारण ते सगळ्यांच्या ओठांवर आहेच आणि एकदा सुरू झाले की मंडळी गाऊ लागतील. तबलजी काकांनी सुरुवातीला येऊन तिसरी मात्रा मोजून दाखवावी, अशी विनंती आहे. नावाच्या आणि सियोनेच्या प्रश्नावर बोलायला उत्तर नागपूर दादांनीच उभे राहावे.

अजनीकर दादा, आपल्या आत्याबाईंच्या वहीतले एखादे पद आपण वाचून दाखवाल का? बैठक शनिवारी संध्याकाळी सहाला असते, म्हणजे आपला शब्बाथ तेव्हा संपलेला नसेल, हे आपला मजकूर वाचताना लक्षात आले.

अजनीकर

आकाशात तीन तारे दिसले की आमचा शब्बाथ संपतो. आत्या स्वतःच यायला तयार आहे. तिला मोशेच्या आख्यानातली साकी अजून पाठ आहे. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे खुर्ची लागेल.

धरमपेठची श्रोती

मग बैठक साडेसातला ठेवते. गच्चीवर बसू या, तारे तिथूनच दिसतील. आत्याबाईंसाठी खुर्ची, आणि चढायला लिफ्ट आहे.